‘मला कुणी विचारलंच नाही’

आमच्या थोरल्या आत्याचं मतदार ओळखपत्र बेळगावातल्या वडगावच्या घरात, लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेलं असतं. निवडणूक आली की ते बाहेर येतं, आत्याच्या बोटाला शाई लागते आणि कार्ड परत शालूत जातं. २०२४ च्या दिवाळीनंतर आत्या भजनी मंडळाबरोबर पशुपतिनाथाला निघाली तेव्हाही ते तिथंच होतं. आणि आत्या दिल्लीच्या विमानतळावर, काठमांडूच्या विमानाच्या काउंटरपुढं, हातात आधारकार्ड घेऊन उभी होती.

काउंटरवरच्या मुलीनं जन्मसाल बघितलं आणि पासपोर्ट मागितला. आमच्या आत्याच्या माहेरी-सासरी कुणी पासपोर्ट काढलेला नाही. मग तिनं मतदार ओळखपत्र मागितलं. सोबतच्या आतेभावानं घरी फोन लावला, वहिनीनं कपाट उघडलं, शालू झटकला आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाच मिनिटांत दिल्लीला पोचले. मुलगी म्हणाली, फोटो चालत नाही, मूळ कार्ड पाहिजे. मंडळातल्या बाकीच्या बायका वळून वळून बघत आत गेल्या. आत्यानं गळ्यातली पिशवी सोडून त्यातला देवासाठी नेलेला कुंद्याचा डबा एकीच्या हातात दिला, म्हणाली, “माझ्या नावानं तेवढा ठेव.” दुसऱ्या दिवशी मायलेक परत बेळगावात.

आता नियम काय होता ते सांगतो. भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही, हे खरंच आहे. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र जवळ पाहिजे. पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टीच्या वरच्यांना त्यातून सूट आहे. त्यांना वय आणि ओळख दाखवणारं दुसरं एखादं फोटोचं कार्ड चालतं, आणि २०१९ च्या जानेवारीपासून त्या कार्डांत आधारही धरतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज एका ओळीचा होता: ‘ज्येष्ठ नागरिकांना नेपाळला आधार चालतं.’ आपल्याकडं माणूस साठीला ज्येष्ठ होतो. आत्या त्रेसष्टची. मधली दोन वर्षं त्या ओळीत कुठंच नव्हती.

मेसेज टाकणारे एक निवृत्त मास्तर. खोटं बोलायचं म्हटलं तरी जमणार नाही असा माणूस. त्यांचं वय बाहत्तर. आदल्या वर्षी ते त्याच वाटेनं जाऊन आले होते, आधार दाखवलं, सोडलं. त्यांनी आपला अनुभव सांगितला. आणि मी? शहापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आत्या निघायच्या आधी दुकानात आली होती. तिच्या आधारच्या चार प्रती मीच काढून दिल्या, लॅमिनेशन करून दिलं, आणि “अजून काय लागतंय काय रे?” या प्रश्नाला “नाही गं, तेवढं बास,” असं उत्तरही मीच दिलं. कारण तो मेसेज माझ्याही फोनवर आला होता.

तेव्हापासून मी दुकानात एक खेळ खेळतो. कुणी परदेशी जायचं काही बोलायला आलं, की ते काय म्हणतात ते बारकाईनं ऐकतो. निम्म्याहून अधिक लोक एकच वाक्य घेऊन येतात, देश फक्त वेगळा असतो. ‘लागत नाही म्हणे.’ कुणी सांगितलं विचारलं की फोन पुढं करतात. “हे बघा ओ, ह्यात सांगितलंय की.” बघितलं तर कुणीतरी समुद्राकाठी उभं राहून, टोपी घालून सांगत असतो, की मला इमिग्रेशनवर कुणी काही विचारलं नाही, शिक्का मारला, बाहेर.

‘विचारलं नाही’ आणि ‘लागत नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. थायलंडच्या दारात परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खिशातले पैसे, यांतलं काहीही विचारायचा अधिकार समोरच्या अधिकाऱ्याला असतो. दहा जणांना तो विचारत नाही, अकराव्याला विचारतो. पहिले दहा जण व्हिडिओ करतात. अकरावा विमानतळावरच्या बाकड्यावर बसलेला असतो, त्याला व्हिडिओ करायचा हुरूप कुठून यायचा? त्यामुळं फोनवर जे दिसतं ते सुटलेल्यांचं शास्त्र असतं. अडकलेल्यांचं शास्त्र कुणी सांगत नाही.

आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी हे विसरायला नको होतं. २०२१ आठवा. महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह पाहिजे, असा इथल्या सरकारचा हुकूम होता. कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस उभे. कोल्हापूरहून निपाणीला, चंदगडहून बेळगावला ज्यांचं रोजचं येणं-जाणं, त्यांची अडचण काय सांगावी! आणि रोज संध्याकाळी ग्रुपवर मेसेज: ‘आज कोगनोळीला सोडतात, मी आत्ताच आलो.’ तो खरंच आलेला असायचा. पहाटेची पाळी, पाऊस, साहेब चहाला गेलेला. दुसऱ्या दिवशी त्या मेसेजच्या भरवशावर लग्नाचं वऱ्हाड निघायचं आणि नाक्यावरून परत फिरायचं. हुकूम काल होता तोच आज होता. पहाटे पोलीस कुठं बसला होता एवढाच फरक. त्या वर्षी आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, सरकारला आणि मेसेज करणाऱ्याला. शिकलो मात्र काही नाही.

जुना झालेला सल्ला ही दुसरी गोष्ट. थायलंडचंच बघा. आधी भारतीयांना तिथं उतरल्यावर व्हिसा घ्यायला लागायचा, १५ दिवसांचा, २,००० बाहत भरून. १० नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवसांसाठी व्हिसा माफ झाला, तोही १० मे २०२४ पर्यंतच. मग ती मुदत ११ नोव्हेंबर २०२४ पर्यंत वाढली. ती संपायच्या आधीच, १५ जुलै २०२४ ला, ३० चे ६० दिवस झाले. १ मे २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरणं सक्तीचं झालं. म्हणजे दीड वर्षात चार वेळा गोष्ट बदलली. प्रत्येक वेळचे व्हिडिओ अजून तसेच आहेत, त्या त्या दिवशी ते सगळे खरे होते, आणि शोधायला गेलं की जुना वर येतो कारण त्यालाच जास्त लोकांनी बघितलेलं असतं. दूध नासलं तर वास येतो. सल्ल्याला तोही नाही. (हा लेख तुमच्या हातात पडेपर्यंत थायलंडनं आणखी काही फिरवलं असेल तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा माझ्या तारखांवर तिकीट काढू नका.)

हे झालं सगळ्या जगाचं. आपल्या भागाचं म्हणून एक वेगळंच दुखणं आहे, आणि त्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आपण मराठी कुठून घेतो? नाटक, बातम्या, दिवाळी अंक, आता यूट्यूब, सगळं वरून येतं, पुण्या-मुंबईहून. आपल्या भाषेत बोलणारा माणूस दिसला की आपण निम्मे विरघळतो. त्यात काही गैर नाही. इतकी वर्षं भाषा हाच आपला आधार आहे. खरं, व्हिसाचा कागद भाषेवर चालत नाही, पत्त्यावर चालतो. आणि आपला पत्ता कर्नाटकातला आहे. तो असावा की नसावा हा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जर्मनीच्या वकिलातीला त्याच्याशी काही देणं-घेणं नाही.

जर्मनी मुद्दाम म्हणालो. टिळकवाडीतला एक मुलगा, मेकॅनिकलचा, हुशार, तिकडं शिकायला निघालेला, गेल्या वर्षी दुकानात कागद झेरॉक्स करायला यायचा. पुण्याच्या एका मुलाचे व्हिडिओ बघून त्यानं सगळी तयारी केली होती. वहीत ओळीनं लिहिलेलं. मुंबईच्या वकिलातीत अर्ज. बंद खात्यात, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून दाखवायच्या खात्यात, ११,२०८ युरो. नकार आला तर फेरविचाराचं पत्र पाठवायचं, फुकट आहे, बऱ्याच वेळा निकाल फिरतो. पत्राचा नमुनासुद्धा त्यानं उतरवून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात.

यातलं एकेक बघू. कर्नाटकात आणि केरळात राहणाऱ्यांचे शिक्षणाच्या व्हिसाचे अर्ज बेंगळूरच्या जर्मन वकिलातीकडं जातात, मुंबईकडं नाही. इथून दोन्ही शहरं पाचशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीची गाडी दोन्हीकडं मिळते, त्यामुळं कुठंही गेलं तरी चालेल असं वाटतं. चालत नाही. बंद खात्याचा आकडा २०२३ मध्ये ११,२०८ होता. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो ११,९०४ झाला. आणि फेरविचाराची ती फुकटची सोय जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नकार आला तर नव्यानं अर्ज करा, फी नव्यानं भरा, नाहीतर तिथल्या न्यायालयात जा. पुण्याचा तो मुलगा खोटं बोलला नव्हता. तो पुण्याचा होता, आणि त्याचं साल वेगळं होतं. व्हिडिओत या दोन गोष्टी सांगायच्या असतात हे त्याला सुचलं नाही. पाहणाऱ्यांत बेळगावचा कुणी असेल हे तरी त्याला कसं सुचावं?

सुदैवानं त्या पोराचं सगळं वेळेत उलगडलं. कुणी उलगडलं? बेंगळूरला शिकणाऱ्या त्याच्या मावसबहिणीनं. तिथल्या कन्नड मुलांच्या ग्रुपवर ही माहिती होती. आपल्या घरात येत असलेली मराठी माहिती शेजारच्या राज्याची, आणि आपल्या उपयोगाची माहिती कन्नडमध्ये. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

नावगावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं शहराचं इंग्रजी नाव ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मेसेज फिरत होता, की जुन्या नावाचा पासपोर्ट परदेशात धरणार नाहीत, लवकर बदलून घ्या. घाबरून माझ्याकडं आलेल्यांची गणती नाही. अहो, मुदत आहे तोवर तो पासपोर्ट चालतो. व्हिसाच्या अर्जात जन्मगाव पासपोर्टावर जसं छापलंय तसं, अक्षर अन् अक्षर, लिहायचं, एवढंच. आपण मनात काय म्हणतो, पाटीवर काय असावं असं आपल्याला वाटतं, ते त्या चौकटीत लिहायची जागा नाही. एका काकांनी मला तिथं ‘बेळगाव, महाराष्ट्र’ टाकायला लावलं होतं. मी टाकलं नाही. ते आठवडाभर बोलले नाहीत.

आतापर्यंत सांगितलं ते नुकसान पैशाचं आणि मनस्तापाचं. उद्यमबागेत, मच्छेत, इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या पोरांचं नुकसान याहून मोठं असतं. तिथं सल्ला देणाऱ्याला सल्ल्याचे पैसे मिळत असतात.

‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो.’ हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. वेल्डरच्या ट्रेडला आठवी पासवर आयटीआयला प्रवेश मिळतो. दहावी न झालेल्या अशा पोराच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ असतं, म्हणजे आखाती देशांसकट ठरलेल्या १८ देशांत कामाला जायचं तर सरकारच्या प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. मंजुरीसाठी करार दाखवावा लागतो, पगार दाखवावा लागतो, एजंटामार्फत जायचं तर तो नोंदणी असलेला लागतो, आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. दोन वर्षांचा त्याचा हप्ता किती? २७५ रुपये. एजंटानं स्वतःच्या सेवेसाठी ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही, हाही नियम आहे.

फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एजंट नेमका तिथूनच वाट काढतो. पोराला फिरायला चाललाय असं दाखवून विमानात बसवलं, की करार नाही, विमा नाही, सरकारदरबारी तो कामाला गेलाय अशी नोंदसुद्धा नाही. दुबईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा. पकडला तर तोच गुन्हेगार. मालकानं पगार थकवला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? मचाणावरून पडला तर विमा कुणाचा? आणि हे सगळं त्याला विकलं गेलेलं असतं ते ‘काही लागत नाही’ या गोड बातमीच्या वेष्टनात.

व्हिसा माफ झाला म्हणजे दार उघडं झालं, असं आपण धरून चालतो. ते दार उघडं दिसतं तेव्हा दलालही तिथंच उभा असतो. इराणनं २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीयांना विमानानं येणार असतील तर पंधरा दिवस व्हिसा माफ केला. नोकरीच्या, पुढं दुसऱ्या देशात पोचवायच्या आमिषानं लोकांना तिथं नेऊन, कोंडून खंडणी मागायचे इतके प्रकार झाले, की २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणनं ती सवलतच थांबवली. थायलंडला नोकरी म्हणून गेलेली पोरं सीमेपलीकडं म्यानमारच्या म्यावाडीत, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबताना सापडली. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ जणांना परत आणावं लागलं. आणि २०२४ च्या सुरुवातीला आपल्याच कर्नाटकातले, कलबुर्गीकडचे तरुण रशियात युद्धावर अडकल्याचं कळलं, तेव्हा त्या साखळीत नोकरीच्या जाहिराती करणारं एक यूट्यूब चॅनेलही होतं. मदतनिसाची नोकरी म्हणून सांगितलं होतं.

“लोकांना अक्कल नाही, अधिकृत संकेतस्थळ बघायला काय होतं?” असं माझ्या दुकानात एक बँकेतले साहेब म्हणाले. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे. मी त्यांना म्हटलं, साहेब, बसा इथं अर्धा तास, आणि माझ्या आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधून द्या. ‘त्रेसष्ट वर्षांची बाई, पासपोर्ट नाही, विमानानं काठमांडू, काय न्यावं?’ त्यांनी शोधलं. वर चार प्रवास कंपन्यांच्या जाहिराती आल्या, मग तीन लेख, तिन्ही वेगळं सांगणारे. पंचवीस मिनिटांनी त्यांना सरकारी कागद सापडला, इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत, आणि त्यातली वयाची ओळ त्यांनी दोनदा वाचली तेव्हा लागली. चहा संपवून ते काही न बोलता गेले.

अधिकृत संकेतस्थळ ही काय वस्तू आहे हे तरी सगळ्यांना कुठं कळतं? आपल्या पासपोर्टाची फी १,५०० रुपये. पण सरकारी असल्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं इतकी आहेत, की परराष्ट्र मंत्रालयाला स्वतःच्या पानावर त्यांच्यापासून सावध राहायची सूचना लावावी लागली. व्हिएतनामचा एकेरी ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो. त्याच्याच तोंडवळ्याची खासगी पानं कितीतरी जास्त घेतात, आणि शोधात तीच आधी येतात. मलाही एकदा फसायला झालं होतं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे, तरी.

म्हणून ‘सावध राहा’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मास्तरांनी मेसेज टाकला कारण मंडळातल्या बायकांना प्रश्न पडला होता आणि त्यांच्या भाषेत उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं. पोकळी होती, ती त्यांनी भरली. सरकार जिथं बोलत नाही तिथं गाव बोलणारच. गावाच्या बोलण्यात वयाची अट गळून पडली, म्हणून सगळा दोष गावाला कसा द्यायचा?

आमच्या पोस्टात पासपोर्टाचं केंद्र आलं, ही फार मोठी सोय झाली. त्याआधी लोक हुबळीला जायचे, एक दिवस मोडायचा. आता त्याच पोस्टाच्या भिंतीवर दोन फळे लावायला किती खर्च येईल? एक कन्नडमध्ये, एक मराठीत. इथले लोक ज्या पाच-सहा ठिकाणी जास्त जातात, नेपाळ, दुबई, मस्कत, थायलंड, जर्मनी, तेवढ्यांचीच माहिती. कोपऱ्यात तारीख. ‘या दिवसापर्यंत हे बरोबर आहे’ एवढं एक वाक्य. शेजारी ईसीआरच्या १८ देशांची नावं आणि नोंदणीकृत एजंटांची यादी. महिन्यातून एकदा कुणीतरी खडूनं तारीख बदलायची. मराठी म्हटलं की इथं लगेच दुसरा वाद उकरला जातो हे मला ठाऊक आहे. जिथं भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांवर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण जुनं आहे, त्यासाठी इथं किती मोर्चे निघाले ते आपण बघितलंय. पण पासपोर्ट आणि परदेशगमन हा विषय केंद्राचा आहे. इथं बेळगाव कुणाचं हा प्रश्नच उपस्थित होत नाही. कन्नड पोरालाही तो फळा तेवढाच पाहिजे. येळ्ळूरचा वेल्डर आणि गोकाकचा वेल्डर दुबईत एकाच खोलीत झोपतात.

पोस्ट करणार नसेल तर आपल्या वाचनालयांनी करावं. शंभर-दीडशे वर्षांच्या संस्था आहेत, सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त लोक आहेत, त्यांतल्या निम्म्यांची मुलं बाहेरदेशी आहेत. इंग्रजी येतं, वेळ आहे. आमचे बँकेतले साहेब यासाठी अगदी योग्य, आता त्यांना काय कष्ट पडतात ते माहीत झालंय.

आणि जे सांगतात त्यांनी सांगणं थांबवू नये, असंही माझं म्हणणं आहे. कुठल्या दाराला रांग कमी, कुठल्या अर्जात फोटोचा आकार अडतो, मुलाखतीला काय विचारलं, हे जाऊन आलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार? फक्त सोबत चार गोष्टी टाका: मी कधी गेलो, माझं वय किती, पासपोर्ट कुठल्या पत्त्याचा, विमानानं गेलो की रस्त्यानं. मास्तरांनी ‘माझं वय ७२’ एवढं लिहिलं असतं तर आत्यानं शालूची घडी मोडली असती. सल्ला घेणाऱ्यानं निघायच्या आधी विमान कंपनीला एक फोन करावा. विमान कंपन्या कुठल्या देशाला कुठले कागद लागतात हे ‘टायमॅटिक’ नावाच्या एका यादीत बघतात, आणि कागद अपुरे असलेला माणूस नेला तर दंड त्यांना बसतो. त्यामुळं चुकलं तर स्वतःच्या खिशाला झळ लागेल असा या सगळ्या गोतावळ्यात तो एकच. काउंटरवरच्या त्या मुलीचा मला आधी राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी आत्याला खरं सांगणारी तीच पहिली.

माझ्या दुकानात आता पासपोर्टाच्या फॉर्मची फी घेताना मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतो: कुठं आणि कशासाठी? काही जणांना तो आगाऊपणा वाटतो. “तू फॉर्म भर की, तुला काय करायचंय?” असं ऐकून घ्यायची सवय झालीय. चार महिन्यांपूर्वी खासबागचा एक पोरगा मात्र थांबला, बसला, खिशातून एजंटानं दिलेला कागद काढून दाखवला. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, पगाराचा आकडा पेनानं लिहिलेला होता. पुढं त्यानं काय केलं ते माझ्या कानावर नाही, पण त्या दिवशी त्यानं पैसे भरले नाहीत.

आत्याचं राहिलं. गेल्या वर्षी ती परत निघाली, या वेळी रेल्वेनं गोरखपूर, तिथून जीपनं सोनौली, रस्त्यानं नेपाळ. मतदार ओळखपत्र शालूतून काढून, पिशवीत घालून, पिशवी पोलक्याला पिनेनं अडकवून. मी स्वतः बघितलं. पशुपतिनाथ झाला, जनकपूर झालं, गंगाजल घेऊन परत आली. परवा सोमवारी कपिलेश्वराच्या देवळात मी दर्शनाला गेलो होतो. रांगेत आत्या चार बायकांना घोळक्यात घेऊन सांगत होती, “अगं, काय लागत नाही नेपाळला. मी कार्ड नेलेलं, खरं मला कुणी विचारलंच नाही.”